उसाचं कडियाळं

घोड्याच्या तोंडात पुढच्या दातांच्या मागे आणि दाढांच्या अलीकडे हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो. तिथे दात नसतात. ती जागा देवाने कशासाठी ठेवली याबद्दल दोन मतं आहेत. साताऱ्याच्या रिसालदारसाहेबांचं मत असं, की लगामाचं लोखंड नीट बसावं म्हणूनच देवाने ती ठेवली. देव रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, भरती झालेला नसला तरी रिसाल्याची गरज त्याला कळत होती. माझं मत असं, की घोड्याला घास तोंडात फिरवायला जागा लागते, आणि देवाचं लोहाराकडे काही येणंजाणं नव्हतं. या दोन मतांच्या मधे एक घोडी सापडली. तिला त्यातून काढताना माझा जीव कसा टांगणीला लागला, ते सांगतो.

मी चाबूकस्वार. म्हणजे घोड्यांना बसायच्या लायकीचं करणारा माणूस. नावात चाबूक आहे म्हणून लोक बिचकतात. पण आडनाव गोडबोले असलेला प्रत्येक जण गोडच बोलतो असं थोडंच आहे? माझा चाबूक खुंटीला असायचा आणि त्यावर कोळी जाळं विणायचा. उमेदीची सगळी वर्षं मी सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका बागायतदाराच्या पागेत काढली. पागा म्हणजे उसाच्या मळ्यात पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली घोडी. मालकांना सगळे आण्णा म्हणायचे. आण्णा जैन; दिवेलागणीच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असायचं. सूर्य आणि आण्णांचं ताट यांची रोज शर्यत, आणि आण्णा कधी हरले नाहीत. हे जेवण पुढे हकिगतीत येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आता थोडं धंद्याचं. लगामाची जी लोखंडी दांडी घोड्याच्या तोंडात, त्या मोकळ्या पट्ट्यावर बसते, तिला आम्ही कडियाळं म्हणतो. तिच्या दोन्ही टोकांच्या कड्यांना लगामाच्या वाद्या, आणि वाद्या स्वाराच्या हातात. बघणाऱ्याला वाटतं, वादी ओढली की घोडं थांबतं, यात काय मोठं! तसं नाही. कडियाळं हे बोलायचं साधन आहे, ओरडायचं नाही. चांगला स्वार बोटं मिटतो आणि उघडतो, एवढंच. बाकीचं बोलणं मांडीने, टाचेने आणि श्वासाने होतं. मी श्वास सोडून पाठ जड केली की माझी घोडी थांबायची. वाईट स्वाराच्या हातात मात्र तेच लोखंड हिरडीवर घण घालतं. काही अतिशहाणे तर काटे असलेलं कडियाळं घालतात. ते कुणी शोधून काढलं माहीत नाही, पण त्या माणसाला एकदा ते घालून पागेला चक्कर मारायला लावावी अशी माझी फार इच्छा होती.

लोखंडाचं बोलणं किती उलटं ऐकू जातं, याचा एक नमुना सांगतो. आमच्या पागेतला थोराड पांढरा घोडा लग्नाच्या वरातीला जायचा. एका लग्नात नवरदेव जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला. भीतीने त्याने लगाम दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला. घोडा शिकलेला, लगाम असा ओढला की मागे सरायचं, हे त्याला ठाऊक. तो मागे सरू लागला. तो मागे जातोय म्हणून नवरदेव आणखी ओढतोय, आणि हा ओढतोय म्हणून घोडा आणखी मागे. वाजंत्री पुढे, वऱ्हाड पुढे, आणि नवरदेव मागे मागे! मी ओरडतोय, "आवं, हात सोडा, सोडा हात!" आणि नवरदेव म्हणतोय, "सोडला तर पडंन की!" शेवटी मी घोड्याचं तोंडच फिरवलं, म्हणजे मागे जाता जाता तो मांडवाकडे जाईल. मुलीकडच्या बायका ओवाळायला पुढे आल्या, तर त्यांच्यासमोर आधी शेपूट आलं. पुढे त्या जोडप्याचा संसार उत्तम झाला असं ऐकलं.

तर शेवंती. ही घोडी आण्णांनी बाजारातून आणली तेव्हा सुकलेल्या शेवंतीच्या फुलासारखा तिचा रंग होता, मळकट पिवळा. बाजारात तिच्या गळ्यात दोर होता, तोंडात काही नव्हतं. आम्हाला वाटलं, गरीब जनावर आहे. घरी आणून लगाम दाखवला मात्र, आणि कड्या वाजल्याबरोबर तिने मान आभाळात नेली, मागच्या पायांवर सरकत गव्हाणीवर जाऊन आदळली आणि तिथेच उभी राहून थरथर कापायला लागली. मी लगाम बाहेर फेकून दिला. मग हळूहळू, गूळ चारत, तिचं तोंड उघडून पाहिलं. जिभेवर एका बाजूला आडवी खाच होती, बोटाचं टोक बसेल एवढी. कुणीतरी काट्याचं कडियाळं घालून ओढलं होतं, आणि पुन्हा पुन्हा ओढलं होतं. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शेवंतीला लोखंड नको तर नकोच. कापड गुंडाळलेलं नको, चामड्याने मढवलेलं नको. मी तो नादच सोडला. सुती दोराची एक मऊ म्होरकी वळली, नाकावरून पट्टा घेतला, त्याला दोऱ्या बांधल्या आणि तशीच तिला शिकवायला लागलो. आणि काय सांगू! ती शिकत नव्हती, वाट बघत होती. मी मनात आणावं आणि तिने पावलात आणावं. कदम, दुडकी, वर्तुळात फिरणं, पाय आडवे टाकत तिरकं सरकणं, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे चित्रासारखं स्तब्ध उभं राहणं, सगळं तिने दोरावर केलं. माझ्या हाताखालून पुष्कळ घोडी गेली, पण मांड टाकल्यावर आपण एकटे नाही असं मला फक्त तिच्यावर वाटलं. हल्ली असल्या चालींच्या परीक्षेला ड्रेसाज म्हणतात असं कळतं, आणि तीत लोखंड सक्तीचं असावं की नसावं यावर शहाण्या माणसांत वाद होतात असंही ऐकतो. आमच्याकडे तो वाद एका घोडीपुरता मिटलेला होता.

पण पागा माझी नव्हती, आण्णांची होती. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपलेली. पेट्रोल कुपनावर, त्यामुळे आण्णांनी हौसेने घेतलेली मोटार झापाखाली कोंबड्या पाळत होती आणि सांगलीतले टांगे मात्र जोरात होते. स्टेशनवरचा टांगेवाला हुसेनभाई एका धडधाकट घोडीच्या शोधात आमच्याकडे आला आणि शेवंतीपाशी थबकला. आण्णांनी मला बोलावलं.

"नारबा, घोडी हुसेनभाईला देऊन टाकू. हितं तिचा काय उपेग हाय? लगाम घेत न्हाई, दुसऱ्या कुणाला बसू देत न्हाई."

"आण्णा, टांग्यात दिवसभर तोंडात लोखंड. मरंल ती."

"घोडं हाय का नवी सून? एवढी नाजूक?" आण्णा म्हणाले, पण माझा चेहरा बघून त्यांनी पान चघळायचं थांबवलं. "बरं, आयक. साताऱ्याला पेन्शनर स्वारांनी चालींच्या शर्यती ठिवल्यात. तिथं चारचौघांत हिला चालवून दाखव. मानानं मैदानात जाऊन मानानं भाईर आली, तर ऱ्हाईल पागेत जन्मभर. पंचांनी भाईर काढली, तर तिथनंच हुसेनभाईच्या हवाली. माझा शब्द हाय."

हुसेनभाईने मान डोलावली. त्याचा मेहुणा साताऱ्यात होताच, त्यामुळे तोही तिथे येणार होता.

आण्णांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी तो घेतला आणि थंडीच्या दिवसांत शेवंतीला घेऊन कराडच्या रस्त्याने मजल दरमजल करत साताऱ्याला निघालो. दोन्ही अंगांना उसाची तोड चाललेली. समोरून उसाची गाडी आली, की शेवंतीबाई चालता चालता मान लांब करून एक ऊस ओढून घ्यायच्या, तोंडात आडवा धरायच्या आणि कुरुमकुरुम करत पुढे. गाडीवान शिव्या द्यायचे. मी ऐकून घ्यायचो, कारण शिव्या रास्त होत्या.

साताऱ्यात मैदानावर आदल्या दिवशी नाव द्यायला गेलो. मेजामागे रिसालदारसाहेब बसले होते. पांढऱ्या मिशा, कडक फेटा, गुडघे वाकत नव्हते तरी पाठ ताठ. त्यांनी शेवंतीकडे बघितलं, म्हणजे आधी तिच्या खुरांकडे, मग पायांकडे, मग पाठीकडे, आणि खूष होऊन मिशीवर बोट नेलं. मग नजर तोंडावर आली आणि बोट तिथेच थांबलं.

"ह्ये काय? दोर?"

"व्हय साहेब. म्होरकीवरच चालती."

"नेम माहीत हाय का? तोंडात कडियाळं पायजेल. सक्ती हाय."

मी त्यांना जिभेवरची खाच दाखवायला निघालो, तर म्हणाले, "कशी झाली ते इचारत न्हाई. नेम सगळ्यांस्नी एक."

"साहेब, उद्या चाल घोड्याची बघायची का लोखंडाची?"

हे मी जरा तोऱ्यात बोललो. पण म्हातारा चिडला नाही. उलट मला समोरच्या पेटीवर बसवलं.

"हे बघ गड्या. घोड्याच्या तोंडात लोखंड आन् शिपायाच्या पोटात भ्या, दोनी असल्याबिगर रिसाला हालत न्हाई. उद्या हितं बाया असत्याल, पोरं असत्याल, बँड वाजंल. एक घोडं बिथरलं तर दोरानं धरशील? आन् आज तुला दोर चालवू दिला, तर उद्या कोन दाव्यावरनं आणंल आन् परवा कोन शिंगरू कडेवर घिऊन यील. मग मी काय बघू? लोखंड ही स्वाराची परीक्षा हाय रं. तोंडात लोखंड असून जो त्ये वापरत न्हाई, त्यो स्वार."

शेवटचं वाक्य माझ्या मनात रुतलं. त्यात खोट काढता येईना, अजूनही येत नाही. पण शेवंतीला ते कसं समजावून सांगणार? ज्याने लोखंड वापरलं तो निघून गेला होता आणि परीक्षा तिची चालली होती. मी म्हणालो, "बघतो साहेब," आणि तिला घेऊन मैदानाच्या कडेला आलो. डोळ्यांसमोर सारखा हुसेनभाईचा टांगा यायला लागला.

कडेला उसाची एक गाडी सोडलेली होती. मी डोकं धरून बसलो आणि बाईंनी आपला उद्योग सुरू केला. एक ऊस ओढला, तोंडात आडवा धरला, आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. ऊस कुठे बसला होता? दातांच्या मागे, दाढांच्या पुढे, बरोबर त्या मोकळ्या पट्ट्यावर. मी उठलोच. गाडीवानाला म्हटलं, "पाव्हणं, ह्यो ऊस माझ्या नावावर. आन् आनखी चार द्या."

त्या संध्याकाळी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर कडियाळं घडवलं. अंगठ्याहून थोडं जाड, सरळ कांडं घेतलं. दोन्ही टोकांना पेर ठेवलं, म्हणजे उसाची गाठ. तिच्यामागे सुती दोरी आवळली की घसरत नाही. म्होरकीचा नाकावरचा पट्टा काढून तिथेच तिच्या गालपट्ट्या बांधल्या, तिथेच लगामाच्या दोऱ्या. शेवंतीच्या तोंडापुढे धरलं, तर तिने तोंड आपणहून उघडलं. लगामासाठी आपणहून तोंड उघडणारी घोडी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

आणि मग मी घोळ केला. उसाच्या सालीला धार असते. दाताखाली ती चिरली तर जीभ कापते. आधीच खाच असलेली ती जीभ मला दिसायला लागली. मला राहवेना. म्हणून दोन टोकांच्या मधला भाग, म्हणजे जो तोंडात राहणार तो, मी सुरीने छान सोलून काढला. कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं, की बाबा, सोललेला ऊस कशासाठी असतो! पण मायेपुढे अक्कल चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकात रिसालदारसाहेब स्वतः एकेका घोड्याचं तोंड तपासत उभे. आमचा नंबर आला.

"कडियाळं हाय?"

"हाय साहेब."

त्यांनी वाकून बघितलं. मग आणखी वाकून बघितलं.

"ह्यो ऊस हाय."

"व्हय. उसाचं कडियाळं. आमच्याकडं ऊसच पिकतो साहेब, लोखंड न्हाई पिकत."

मागे रांगेत हशा झाला. रिसालदारसाहेबांनी नियमांचा कागद मागवला, लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला. 'तोंडात कडियाळं सक्तीचं' एवढंच लिहिलं होतं. ते कशाचं असावं हे लिहायची गरज आजवर कुणाला वाटली नव्हती, आणि तो नियम त्यांनीच लिहिला होता. म्हातारा लष्करी. आपलाच हुकूम कसा मोडणार? दोन मिनिटं मिशी चावली आणि म्हणाले, "जा आत. पन माझी तपासनी दोनदा असती. आत जाताना जे तोंडात हाय, त्येच भाईर येताना तोंडात पायजे. नसलं तर बाद."

आत गेलो. दोरीपलीकडे आण्णा उपरणं सावरत बसले होते आणि शेजारी हुसेनभाई, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत काय आहे ते मला दिसत नव्हतं, पण कळत होतं.

कदम झाला. दुडकी झाली. शेवंती अशी चालत होती, की मला वाटलं, हिला कुणीतरी गुपचूप सांगितलंय, आज काय पणाला लागलंय ते. आणि ती कडियाळं हलकेच चघळत होती. आता गंमत बघा. चालींच्या परीक्षेत घोड्याने कडियाळं हळुवार चघळणं, ओठांवर पांढरा फेस येणं, हे फार चांगलं लक्षण मानतात. घोडं मनातून मोकळं आहे, तोंड मऊ आहे, असा त्याचा अर्थ. शेवंतीच्या ओठांवर तर फेसाची जत्रा भरली होती. पंचांच्या मेजावरून मला रिसालदारसाहेबांचा आवाज ऐकू आला, "तोंड बघा, तोंड! ह्येला म्हनत्यात मऊ तोंड!"

मऊ तोंडातून रस गळत होता.

वर्तुळ पुरं करून आम्ही तिरक्या चालीवर आलो, आणि बरोबर तेव्हा खालून 'कर्रक' आवाज आला. माझ्या हातातल्या दोऱ्या एकदम हलक्या झाल्या. मी खाली बघितलं. दोन्ही बाजूंना उसाची दोन पेरं गालपट्ट्यांना लोंबत होती, आणि मधलं सगळं बाई खात होत्या. मजेत खात होत्या. माझ्या हातातल्या दोऱ्या आता नुसत्या त्या लोंबत्या पेरांना बांधलेल्या होत्या.

एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी इतका घाबरलेला नव्हतो. पडण्याची भीती नव्हती. पण अजून निम्मी परीक्षा बाकी, समोर हजारभर माणसं, बँडवाल्याने बिगूल तोंडाला लावलेला, आणि माझ्या नि शेवंतीच्या मधे काहीही नाही. ना लोखंड, ना ऊस, ना दोर. ती आत्ता त्या उसाच्या गाडीकडे चालती झाली असती, तर मी नुसता वर बसून तिच्याबरोबर गेलो असतो.

मी हात होते तसेच ठेवले, रुबाबात, जणू वाद्या ताणलेल्या आहेत. आणि मांडीने तिला म्हणालो, बाई, आता तुझ्या हातात. ती तिरकी सरकली. पाऊल आडवं, पाऊल आडवं, जशी घरी सरकायची तशी. पुन्हा दुडकी धरली. बिगूल वाजला, तिचे कान हलले, पाय नाही. मग आलं मागे सरणं. लगाम नसताना घोडं मागे कसं सरकवणार? मी अंग किंचित पुढे घेतलं, दोन्ही पोटऱ्या हलक्या लावल्या आणि मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले. शेवंती एक पाऊल मागे गेली. मग आणखी एक, सरळ रेषेत. शेवटी मैदानाच्या मधोमध मी श्वास सोडला आणि ती थांबली. नुसती थांबली नाही, चघळायचीही थांबली. मी सलाम ठोकला. टाळ्या ऐकू आल्या, पण माझं लक्ष तिच्या मानेकडे होतं. त्या मानेला मिठी मारावी असं वाटत होतं, पण परीक्षेत तसं करता येत नाही.

फाटकाशी रिसालदारसाहेब आधीच येऊन उभे होते, खुशीत.

"वा रं गड्या! कडियाळं दाखव."

"साहेब... खाल्लं."

"काय खाल्लंस?"

"मी न्हाई. तिनं. कडियाळं."

त्यांनी शेवंतीचं तोंड उघडलं, आत बोटं घातली आणि उसाचा चोथा बाहेर काढला. हातावर घेऊन बघत राहिले. मग पुन्हा बोटं आत घातली, आणि या वेळेस जरा वेळ आत ठेवली. त्यांच्या बोटांना ती जिभेवरची खाच लागली होती. त्यांचा चेहरा उतरला. पण आवाज तोच राहिला.

"बाद."

एवढ्यात आण्णा आणि हुसेनभाई येऊन पोचले होते. सूर्य अजिंक्यताऱ्याच्या बाजूला कलला होता आणि आण्णांचं अर्धं लक्ष तिकडे. "ऊस गोड लागला म्हनून मुळासकट खाऊ नये म्हंत्यात," ते म्हणाले, "हिनं लगामासकट खाल्ला!" सगळे हसले. मी हसू शकलो नाही. मग आण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "पन नारबा, बाद म्हंजे बाद. मी शब्द दिलाय."

हुसेनभाईने पिशवीत हात घातला. कड्या वाजल्या. तेवढा आवाज पुरे होता. आत्ता हजार माणसांत, बिगुलाच्या आवाजात हलली नाही ती घोडी मान वर फेकून मागे मागे सरायला लागली. फाटकाचा बांबू पाठीला लागला तेव्हा थांबली आणि कापायला लागली. मी तिच्या गळ्यात हात टाकला आणि सरळ रडायला लागलो. तिशीतला दाढीमिशीवाला माणूस, साताऱ्याच्या भर मैदानावर!

हुसेनभाईने कडियाळं हातात तसंच धरलेलं. मग त्याने ते हळूच, एकही कडी वाजू न देता, पिशवीत परत ठेवलं.

"आण्णा," तो म्हणाला, "सौदा मला नको."

"का रं?"

"आवं, लगाम खानारं घोडं टांग्याला घिऊन मी काय करू? लोखंड ती घेनार न्हाई, आन् उसाचा लगाम घातला तर स्टेशनपासनं गणपतीच्या देवळापत्तुर जायाला मला तीन लगाम लागत्याल. पासिंजर टांग्यात आन् टांगा कुणाच्या तरी उसात! तुमचा शब्द मी सोडला. घोडी तुमची तुमच्यापाशी ठिवा."

हे तो अगदी रागावल्यासारखं बोलला आणि निघाला. जाताना शेवंतीच्या जवळून गेला, तेव्हा पिशवी त्याने मुद्दाम दुसऱ्या हातात घेतली. मी घोड्यांच्या माणसांत जन्म काढला. असा हात बदलणं कशाला म्हणतात ते मला कळतं. पुढे कधीही स्टेशनवर उतरलो, तरी मी हुसेनभाईच्याच टांग्यात बसायचो, मग तो रांगेत शेवटी का असेना.

आण्णांनी सूर्याकडे बघितलं. "घ्यायला कोन न्हाई, तर मी दिऊ कुणाला? चल रं, ऱ्हाऊ दे तिला पागेत. आदी जेवायचं बघ, दिवस बुडाया आला."

शेवंती आण्णांच्या पागेत राहिली ती अखेरपर्यंत. पुन्हा तिच्यापुढे कुणी लोखंड वाजवलं नाही. पागेत नवा माणूस आला की आण्णा स्वतः त्याला ताकीद द्यायचे, आणि पाहुण्यांना ही सगळी गोष्ट सांगायचे. सांगता सांगता त्यांच्या गोष्टीत आम्ही पहिला नंबर काढायला लागलो होतो, तेव्हा मी दुरुस्ती करत नसे.

पुढच्या वर्षी मी पुन्हा साताऱ्याला गेलो, दुसरा घोडा घेऊन, रीतसर लगाम घालून. शेवंतीलाही बरोबर नेलं होतं, नुसती मिरवायला. नियमाच्या कागदात एक शब्द वाढला होता. 'तोंडात लोखंडी कडियाळं सक्तीचं.' एवढ्या वर्षांच्या कष्टांची जगात राहिलेली माझी खूण म्हणजे तो एक शब्द, आणि तोही माझ्या विरुद्ध.

फाटकाशी रिसालदारसाहेब तसेच, ताठ. एकेकाचं तोंड उघडून लोखंड तपासत होते. त्यांच्या मागे खुंटीला त्यांची स्वतःची म्हातारी घोडी बांधलेली होती. पाठ वाकलेली, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया. तिच्या तोंडावर लगाम नव्हता. सुती दोराची म्होरकी होती, माझ्या म्होरकीसारखीच, फक्त गाठी लष्करी. आणि याही बाई ऊस चघळत होत्या.

मी कागदातल्या त्या नव्या शब्दावर बोट ठेवलं आणि त्यांच्या घोडीकडे बघितलं.

रिसालदारसाहेबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग कोटाच्या बाहीतून उसाचं एक कांडं काढलं, सोललेलं, आणि शेवंतीच्या तोंडात दिलं.

"सोळा वर्सं बसलो हिच्यावर," ते आपल्या घोडीकडे बघत हळूच म्हणाले. "लोखंड वापरत नव्हतो, असं मला वाटायचं. गेल्या वर्सी तुझ्या घोडीच्या तोंडात बोटं घातल्यावर घरी जाऊन हिचं तोंड उघडून बघितलं रं."

त्यांनी अंगठ्याने आपल्या बोटाचं टोक दाबून दाखवलं, एवढी खाच. मी म्हटलं, "मग नेमातनं शब्द काढा की साहेब."

"नेम ऱ्हाईल," ते म्हणाले आणि पाठ ताठ केली. "ही स्पर्धेत न्हाई, पेन्शनीत हाय." आणि पुढच्या घोड्याचं तोंड तपासायला गेले. एवढं मात्र मी पाहिलं, की तोंडात बोटं घालण्याआधी ते आता प्रत्येक घोड्याच्या कपाळावर हात ठेवत होते.